सासूबाईंची सहा लुगडी: कापू की नको?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १०.४०

सध्या माझ्याकडे तीन कामं एकदम पसरलीत. पसरलीत म्हणजे खरोखरच, कारण वाकळ घालायला जमीन लागते आणि आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावला की जेमतेम सात बाय आठ फूट मोकळं होतं. सकाळी दोन डबे झाले, धाकटी शाळेत गेली, की दहा ते साडेबारा एवढा वेळ माझा. मग नळाला पाणी येतं आणि सगळं गुंडाळून ठेवावं लागतं.

पहिलं काम लेकाचं. तो ऑगस्टपासून पुण्यात हॉस्टेलला आहे आणि दिवाळी झाल्यापासून थंडी वाजते म्हणून रोज सांगतोय. त्याच्यासाठी मशीनवर चौकोनांची गोधडी जोडतेय. साडेचार इंची चौकोन, नऊ चौकोनांचा एक ठोकळा, असे पस्तीस ठोकळे. ३१५ चौकोन कापून झाले, अठरा ठोकळे जोडून झाले, आणि काल ते जमिनीवर मांडले तर एकमेकांना जुळेनात. प्रत्येक ठोकळा साडेबारा इंच यायला हवा. कुठे सव्वाबारा भरतोय, कुठे बाराच.

दुसरं, धाकट्या वन्संच्या मुलीला नववा लागलाय. तिच्या बाळासाठी दुपटं.

तिसरं जे आहे त्यासाठी हा धागा काढलाय. सासूबाई मार्चमध्ये गेल्या. त्यांची सहा सुती नऊवारी लुगडी ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. नाना, म्हणजे माझे सासरे, दसऱ्याला म्हणाले की कसर लागण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर असू देत. मी मनाशी ठरवलं की सगळ्यांचे चौकोन कापायचे, एकमेकांत मिसळायचे, आणि दोन्ही नणंदा, जाऊबाई, नाना आणि आम्ही अशा पाच जणांसाठी पाच वाकळी करायच्या. प्रत्येकीत सहाही लुगडी थोडी थोडी यावीत ही कल्पना.

थोरल्या वन्संना फोनवर सांगितलं तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "आईच्या लुगड्याला कात्री लावणार तू? आणि ते अंगाखाली घालायचं?" मला काही बोलता आलं नाही. त्या चुकीचं बोलल्या असंही वाटत नाही. चार दिवस झाले, कात्री हातात घेतलेली नाही. तुमच्यापैकी कुणी केलंय का असं?

सुई_१६ | सोमवार, रात्री ११.२५

लुगड्यांबद्दल जाणकार सांगतीलच. मी ठोकळ्यांबद्दल सांगते, माझ्या पहिल्या गोधडीत अगदी हेच झालं होतं.

तुमची शिवण पाव इंचापेक्षा अर्धा सूत जास्त जातेय. नऊ चौकोनांच्या ठोकळ्यात आडव्या रांगेत दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन कडा. चार वेळा अर्धा सूत म्हणजे दोन सूत, म्हणजेच पाव इंच. झाला तुमचा सव्वाबारा. जिथे बारा भरतोय तिथे पूर्ण सूत जास्त गेलंय. तुमच्या गोधडीत आडवे पाच ठोकळे, म्हणजे पंधरा चौकोन. अर्ध्या सुताच्या चुकीने सुद्धा रुंदीत दोनेक इंच जातात आणि ते सगळीकडे सारखे जात नाहीत, म्हणून गोधडी वाकडी होते.

मशीनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून पाव इंचावर वायरमन वापरतात ती काळी टेप चिकटवा, दोन-तीन पट्ट्या एकावर एक, म्हणजे कापडाला कड लागते. झालेले ठोकळे उसवू नका. सगळे चारही बाजूंनी सारखे कापून बारावर आणा आणि पुढचेही तेवढेच करा. गोधडी रुंदीत अडीच आणि लांबीत साडेतीन इंचांनी कमी होईल, पांघरताना कळणारही नाही.

आणि कापड आधी धुतलंय ना? शाळेचे जुने शर्ट असतील तर ते टेरिकॉटचे असतात, आटत नाहीत. शेजारी कोरं सुती आलं की पहिल्या धुण्यात सुती आटतं आणि टेरिकॉटला चुण्या पडतात.

मोगरीचा_वेल | मंगळवार, सकाळी ७.१०

वन्संची बाजू घेऊन लिहिते, राग मानू नका. माझी आई गेली तेव्हा भावजयीने तेराव्यानंतर साड्या गरजूंना वाटून टाकल्या. तिची रीत बरोबरच होती. पण मी दोन साड्या मागून घेतल्या आणि कपाटात तशाच ठेवल्यात. पाच वर्षांत एकदाही नेसले नाही. कधी तरी उघडते, घडीवर हात फिरवते, परत ठेवते. त्या कापल्या तर घडी राहणार नाही, एवढंच मला कळतं. तुमच्या वन्संना कदाचित हेच म्हणायचं असेल.

नेब्रास्काकर | मंगळवार, सकाळी ९.५५

इथे आमच्या लिंकन शहरात गोधड्यांचं मोठं संग्रहालय आहे, इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम. मी जवळच राहते, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं आणि त्यातूनच हा नाद लागला. तुमचा प्रश्न वाचून अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायका आठवल्या. नदीच्या वळणातलं गाव, गुलामगिरीतून सुटलेल्यांची वस्ती, हातात पैसा नाही, म्हणून शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ साली अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली.

त्यांच्यातल्या मिझूरी पेटवे या बाईंचा नवरा गेला, तेव्हा १९४२ साली त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. निळ्या-करड्या जाड कापडाच्या पट्ट्या, गुडघे जिथे विरले तिथे रंग वेगळा. त्यांच्या लेकीने नंतर सांगितलं आहे की आईला त्याची आठवण म्हणून ती हवी होती, आणि तिच्याखाली झोपायचं होतं.

मला वाटतं अंगाखाली घालणं आणि अंगावर घेणं यात फरक आहे. वन्संना पांघरायची वाकळ आहे, अंथरायची नाही, असं सांगून पाहा.

शिरवळचा_दादा | मंगळवार, दुपारी १.३०

आमच्या आईच्या हातच्या सात वाकळी घरात आहेत. एवढंच सांगतो, ती घटस्थापनेआधी सगळ्या नदीवर नेते. आम्ही दोघे भाऊ पायाने तुडवतो, पिळायला दोघं दोन टोकांना. ओली वाकळ एकट्याने उचलत नाही. लाँड्रीत टाकू नका. आमची एक तिकडे दिली होती, ड्रायरमधून काढली तर एका बाजूने आखडून पापडासारखी झाली. आत कुठे तरी सिंथेटिक साडी होती.

नर्मदाआजी | मंगळवार, दुपारी ४.०५

पोरी, तुला कात्री लावायला सांगितली कुणी?

लुगडं नऊ वार. चौघडी घाल. बघ किती होतं ते.

आमच्या आईने जन्मात वाकळीसाठी लुगडं कापलं नाही. विरलेलं लुगडं दुमडून दुमडून चौपदरी करायचं, आत जुनं धोतर नाहीतर चादर सरकवायची आणि कडेने टाके घालायला बसायचं. फाटलं असेल तिथेच ठिगळ. चौकोन जोडायचे ते चिंध्यांचे. अख्खं कापड असताना चौकोन कशाला करायचे? पदर वर येईल अशी घडी घाल, काठ आपोआप दोन्ही अंगांना येतो.

मोजणीदार | मंगळवार, सायं. ६.२०

आजींच्या हिशोबाला आकडे लावून पाहिले. नऊ वार म्हणजे ८.२ मीटर. चौघडी घातली की २.०५ मीटर, म्हणजे पावणेसात फूट लांबी. जुन्या लुगड्याचा पन्हा ४५ इंच धरला तर पावणेचार फूट रुंदी. एका माणसाच्या पांघरुणाचं हे नेमकं माप आहे. मी दोनदा मोजलं.

टाक्यांचाही हिशोब केला. ओळीत बोटभर म्हणजे २ सेंमी अंतर ठेवलं तर २०५ गुणिले ११४ भागिले २, साधारण ११७ मीटर टाका. दोरा कापडात वर-खाली जातो, टोकं वाया जातात, म्हणून एका वाकळीला दीडशे मीटर दोरा हाताशी ठेवा. तुमचा वेग किती?

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १०.१५

आजी, तुमचं वाचलं आणि तशीच उठून ट्रंक उघडली. हिरवं लुगडं काढलं, नानांनी एक टोक धरलं, मी दुसरं. चौघडी घातली आणि त्यांच्या पलंगावर टाकली. डोक्यापासून पायापर्यंत. काठ दोन्ही बाजूंना लोंबत होता, जसा काही त्यासाठीच विणला होता.

नानांना प्रत्येक लुगडं माहीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. बोट लावून सांगायला लागले. हे हिरवं पहिल्या बोनसचं, इचलकरंजीहून आणलेलं. हे वांगी रंगाचं वन्संच्या लग्नात मानाचं आलेलं. विटकरी इरकल पंढरपूरला घेतलेलं, परत येताना एसटीत त्याच्यावर चहा सांडला, तो डाग काठाजवळ अजून आहे. तो डाग मीही पाहिला होता, मला गंजाचा वाटला होता. आज मी त्यावर ठिगळ लावणार होते. आता नाही लावणार.

मोजणीदार, आज घड्याळ लावून पाहिलं. चौपदरी कापडात तासाला तीन मीटर होतात. म्हणजे एका वाकळीला चाळीसेक तास.

हळियाळकर | बुधवार, सकाळी ८.४५

आमचं गाव उत्तर कन्नड जिल्ह्यात, घरात मराठी. आमच्याकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका अशाच गोधड्या शिवतात, कवंदी म्हणतात त्यांना. तळाला साडी पसरायची, वर जुन्या कपड्यांचे तुकडे ठेवत जायचं आणि एका कोपऱ्यापासून कडेकडेने टाके घालत आत आत सरकायचं. शेवटचा टाका मधोमध. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसली तर कवंदी उघडी वाटते असं त्या म्हणतात. तुम्ही लुगडं कापणार नसाल तर निदान कोपऱ्यांसाठी त्यांच्या चोळीचं खणाचं कापड मिळतंय का बघा. मजबुतीही येते, कारण ओढताना कोपराच आधी फाटतो.

मोगरीचा_वेल | बुधवार, सकाळी ११.००

इरकलीवरच्या चहाचं वाचून मी माझ्या आईच्या दोन साड्या पुन्हा काढल्या. चौघडीत घडी मोडत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कड कशी सुरू करायची, कुणी नीट सांगाल का? मी कधी बटणापलीकडे सुई धरलेली नाही.

नर्मदाआजी | बुधवार, दुपारी ३.३०

सांगते. आधी पाणी दाखव कापडाला, वाळव, कडक उन्हात नको. जमिनीवर घाल, हाताने मधून कडेकडे सपाट करत जा, आत फुगा राहू देऊ नको. मग मोठ्या टाक्यांनी टाचून घे, मधून बाहेर, वीतभर अंतराने. हे टाचण शेवटी काढायचं. टाचलं नाही तर कडेकडून शिवत येताना सगळं ढिलं कापड मध्ये गोळा होतं आणि तिथे घडी पडते ती कायमची.

दोरा सुती घे, जाड. हातभरच तोड, लांब घेतलास तर गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढ. गाठ वर ठेवू नको, सुई दोन पदरांच्या मधून घाल आणि हलका हिसका दे, गाठ आत जाते. डावा हात वाकळीखाली ठेव. सुईचं टोक बोटाला लागलं की वर वळव. असे चार टाके सुईवर भर आणि मग ओढ. खालच्या बोटाला पहिल्या आठवड्यात दुखेल, मग घट्टा पडतो. वरच्या बोटाला अंगुस्तान घाल.

शेवटची चौकट, म्हणजे टाक्यांचा फेरा, बंद करायच्या आधी आमची आई चार तांदळाचे दाणे आत सोडायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून.

सुई_१६ | बुधवार, रात्री ९.१५

आजी, मी मशीनवर भरपूर काम केलंय पण हे टाचणाचं मधून बाहेर का, ते आज कळलं. माझ्या प्रत्येक गोधडीच्या मध्ये एक सुरकुती असते.

दुपट्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ताई, जरीकाम आणि टिकली अजिबात नको, गाठी सगळ्या आत, आत कापूस-पॉलिएस्टरचा थर नको. तीन फूट बाय तीन फूट पुरे. सहापैकी सर्वांत विरलेलं लुगडं असेल तेच घ्या. नव्या मलमलीपेक्षा ते मऊ असतं आणि रंग जायचा तेवढा जाऊन चुकलेला असतो.

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री ११.००

तेच केलं. सहावं लुगडं, पांढुरकं झालेलं फिकट निळं, घडीवर इतकं विरलंय की बोट आरपार दिसतं. ते सासूबाई घरात नेसायच्या. धाकट्या वन्संना विचारूनच कापलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तेच घे, आईच्या कुशीचा वास त्यालाच असेल." धड भाग चौपदरी घेतला. कड तेवढी लावायची राहिलीय.

आता नानांचं सांगते. त्यांना एक्याऐंशी झालं. सासूबाई गेल्यापासून ते सकाळी पेपर वाचून झाला की खिडकीशी नुसते बसून असायचे. मला सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, चष्म्याचा नंबर बदललाय. बुधवारी ते म्हणाले, इकडे आण. दोरा ओवायची ती तारेची छोटी पट्टी असते, ती घेऊन त्यांनी दहा सुया ओवल्या आणि जुन्या उशीवर एका रांगेत टोचून ठेवल्या, प्रत्येक दोरा हातभर, टोकाला गाठ. गुरुवारी बघते तर मी डबे भरत होते तेव्हाच उशी तयार. आज पंधरा होत्या. मी एक सुई संपवून टोचली की ते उचलतात, ओवतात, रांगेच्या शेवटी लावतात. फार बोलत नाहीत. मध्येच एखाद्या काठावर बोट ठेवतात, तेवढंच.

हिरव्या वाकळीच्या पहिल्या काही चौकटी झाल्या. लेकाचे ठोकळेही बारावर आणले, टेपची युक्ती लागू पडली.

थोरल्या वन्संना चौघडीचा फोटो पाठवला होता. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

नेब्रास्काकर | शनिवार, सकाळी १०.२०

ताई, पंधरा सुयांच्या उशीचा फोटो टाका ना. आमच्या इथल्या गोधडी मंडळातल्या बायकांना दाखवायचा आहे. सत्तरीच्या पुढच्या चौघी आहेत, डोळ्यांमुळे हाताचं काम सोडलंय त्यांनी.

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९.५०

फोटो टाकला आहे. मागे नानांचा हात आलाय, त्यांना विचारून ठेवलाय.

आज थोरल्या वन्सं आल्या होत्या, न सांगता, सांगलीहून सकाळच्या गाडीने. हिरव्या वाकळीवर बराच वेळ हात ठेवून बसल्या. मग स्वतःच ट्रंक उघडली आणि वांगी रंगाचं, त्यांच्या लग्नातलं मानाचं लुगडं काढून मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "हे माझं. पण तू नको शिवू. मी शिवते. मला शिकव."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी ते टाचून घेतलं. चार दिवस राहणार आहेत. कोपऱ्यांना सासूबाईंच्या खणाच्या चोळ्यांचे फुला लावायचे, हेही त्यांना आवडलं, हळियाळकर, तुमचे आभार.

अडचण एकच आहे. वन्सं डावखुऱ्या आहेत. मी उजवीकडून डावीकडे शिवत जाते, त्यांना ते बघून जमेना, दोन ओळी उसवल्या. आजी, डावखुऱ्या माणसाला कसं शिकवायचं?

नर्मदाआजी | सोमवार, सकाळी ६.४०

माझी धाकटी बहीण डावखुरी होती. तिने डावीकडून उजवीकडे जायचं, एवढाच फरक. तिला तुझ्या शेजारी बसवू नको, समोर बसव, मग आरशात बघितल्यासारखं दिसेल आणि हात आपोआप वळेल.

आणि दोघींनी एकच वाकळ घ्या. एकाच कोपऱ्यापासून सुरू करा, तू तुझ्या बाजूने जा, ती तिच्या. समोरच्या कोपऱ्यात भेटाल, की एक चौकट झाली. आम्ही तशाच शिवायचो, चाळीस तासांची वाकळ वीस तासांत होते. सुया मात्र नानांना दुप्पट ओवायला सांग.